पुलाच्या केबलची तार: ताकद वाढवणे आणि ती टिकवणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’वरचा, लोणावळ्याजवळच्या दरीतला केबलवर तोललेला पूल पाहिल्यावर तुम्हाला वाटले की, १८०० मेगापास्कल ताणशक्तीची (दर चौरस मिलिमीटरला १८०० न्यूटन ओढ सोसणारी) गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेली, तार जपानने १९९८ सालीच पुलात वापरली, तर आजपर्यंत ती ३००० वर का पोहोचली नाही? कार्बन थोडा वाढवून आणि तार आणखी ओढून हे साधणार नाही का? जस्त चढवल्यावर तारेची ताकद घटते असे वाचले, ते खरे आहे का? अंतिम वर्षाचा प्रकल्प याच विषयावर करण्याचा विचार असल्याचेही तुम्ही लिहिले आहे.

मी तीसएक वर्षे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात तार ओढण्याच्या आणि तिच्यावर जस्त चढवण्याच्या कामात घालवली. त्यातली बहुतेक तार विजेच्या एसीएसआर वाहिन्यांच्या (पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारा असलेल्या) गाभ्याची होती आणि पुलाच्या दर्जाच्या तारेच्या चाचण्या त्या मानाने थोड्या केल्या. तरी धातू तोच, यंत्रे तीच आणि चुकाही त्याच असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ३००० चा मुद्दा संपवू. एवढी ताकद असलेली तार अस्तित्वात आहे आणि पुण्याच्या रस्त्यांवर रोज धावते आहे. मोटारीच्या रेडियल टायरमधल्या पोलादी धाग्याचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर असतो आणि त्याच्या वरच्या दर्जाची ताणशक्ती ४००० मेगापास्कलपर्यंत जाते. ती तार मूळ जाडीपासून प्रचंड ओढलेली असते, बारीक असल्यामुळे ओढताना निर्माण होणारी उष्णता तिच्यातून चटकन निघून जाते, आणि तिच्यावरचा पितळेचा थर शेवटच्या ओढीच्या आधीच दिलेला असतो. पुलाची तार पाच ते सात मिलिमीटर जाडीची असते, तिला फार ओढता येत नाही, आणि शेवटची ओढ संपल्यावर तिला सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून जावे लागते. टायरच्या तारेला हा शेवटचा चटका बसत नाही. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या फरकात आहे. पोलादाला ताकद देण्याचे उपाय शंभर-दीडशे वर्षांपासून माहीत आहेत. दिलेली ताकद जस्तातून बाहेर येईपर्यंत टिकवणे आणि एवढे करूनही तार पीळ सोसणारी ठेवणे, हे खरे काम आहे.

आता इतका खटाटोप कशासाठी, ते आकड्यांनी पाहा. जपानच्या आकाशी काइक्यो या झुलत्या पुलाचा मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधले अंतर, १९९१ मीटरचा आहे. तो १९९० मीटरचा आखला होता, १९९५ च्या भूकंपाने मनोरे सरकल्यामुळे त्यात मीटरभर भर पडली. त्याच्या मुख्य केबलचा झोल (मनोऱ्याच्या माथ्यापासून मध्यभागी ती जितकी खाली येते ते अंतर) गाळ्याच्या एक दशांश आहे. एवढ्या गाळ्यावर केबलने रस्ता, वाहने, वारा यांपैकी काहीही उचलले नाही, तरी केवळ स्वतःच्या वजनानेच तिच्यात सुमारे २०० मेगापास्कल ताण येतो. हे गणित तुम्ही पोलादाची घनता घेऊन दहा मिनिटांत करू शकता. तेथे सुरक्षा गुणक, म्हणजे तारेची ताकद भागिले तिला दिलेला ताण, २.२ धरला होता. त्या गुणकाने १८०० च्या तारेला सुमारे ८१८ मेगापास्कल ताण चालतो आणि त्यातला चौथा हिस्सा केबलच्या स्वतःच्या वजनात जातो. त्याच गुणकाने जुन्या १६०० च्या तारेला ७२७ चालले असते. स्वतःचे वजन वजा केल्यावर कामाला उरतात अनुक्रमे ६१८ आणि ५२७. म्हणजे तारेची ताकद साडेबारा टक्के वाढली आणि उपयोगी क्षमता सतरा टक्के. गाळा जितका मोठा, तितका हा फायदा वाढत जातो. १६०० च्या तारेने आकाशीला प्रत्येक बाजूला दोन-दोन केबल घ्याव्या लागल्या असत्या; १८०० मुळे एकेक पुरली. त्या एका केबलमध्ये ५.२३ मिलिमीटर व्यासाच्या ३६,८३० तारा आहेत, आणि प्रत्येक तार तुटण्यापूर्वी जवळजवळ चार टन, म्हणजे तीन-चार लहान मोटारींचे वजन, पेलू शकते.

ही ताकद येते कुठून? सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले पोलाद योग्य तऱ्हेने थंड केले की त्यात परलाईट तयार होतो. परलाईट म्हणजे मऊ फेराईट आणि कडक सिमेंटाईट यांचे एकाआड एक पातळ पापुद्रे, एखाद्या खारीसारखे. पापुद्रे जितके बारीक, तितके पोलाद बळकट. ते बारीक यावेत म्हणून रॉड साधारण ९५० अंशांपर्यंत तापवून ५५० अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या शिशात बुडवतात. या क्रियेला कारखान्यात ‘पेटंटिंग’ म्हणतात, कारण १८५४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी तिचे पेटंट घेतले आणि नाव तेवढे उरले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही १८५४ चेच. योगायोग एवढाच, पण विद्यार्थ्यांना साल लक्षात राहावे म्हणून मी तो सांगत असे. अलीकडे शिशाऐवजी रोलिंग मिलमधून तप्त बाहेर पडणारा रॉड थेट वितळलेल्या क्षारात बुडवण्याची पद्धत जपानने रूढ केली. तिने रॉड पुन्हा तापवण्याचा खर्च वाचतो आणि शिशाची वाफ श्वासात जात नाही.

असा बारा-एक मिलिमीटरचा रॉड आठ-नऊ डायमधून (क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या साच्यांतून) खेचून पाच मिलिमीटरवर आणला की पापुद्रे ओढीच्या दिशेने वळतात, आणखी पातळ होतात आणि ताणशक्ती साधारण १२५०-१३०० वरून १८०० च्या पुढे जाते. इथपर्यंत सगळे सरळ आहे. तुम्ही सुचवलेला कार्बन वाढवण्याचा उपायही एका मर्यादेपर्यंत चालतो. मात्र ०.८ च्या पुढे गेल्यावर जास्तीचा सिमेंटाईट पापुद्र्यांत न बसता दाण्यांच्या सीमांवर जाळ्यासारखा साठू लागतो, आणि असे जाळे असलेला रॉड डायमध्ये काचेसारखा तुटतो. ते टाळण्यासाठी थंड होण्याचा वेग वाढवावा लागतो, आणि जाड रॉडच्या मध्यभागी तो वेग पोहोचवणे अवघड असते.

यानंतर जस्त येते. ४५० अंशांच्या बाथमध्ये (वितळलेल्या जस्ताच्या हौदात) तार अर्धा मिनिट जरी राहिली, तरी ओढून ताणलेले सिमेंटाईटचे पापुद्रे तुटून गोलसर होऊ लागतात आणि ओढीने कमावलेल्या ताकदीचा एक भाग तिथेच उतरतो. तुम्ही वाचले ते खरे आहे. आकाशीच्या तारेत केलेली मुख्य सुधारणा नेमकी या जागी होती. तोपर्यंत अशा पोलादात सिलिकॉन ०.२ टक्क्याच्या आसपास असे. तो एक टक्क्याच्या जवळ नेला गेला. सिलिकॉनला सिमेंटाईटमध्ये जागा मिळत नाही. तो फेराईटमध्ये राहतो आणि दोन्हींच्या सीमेवर गर्दी करतो, त्यामुळे फेराईटची ताकद वाढते आणि शिवाय पापुद्रे गोल होण्याची क्रिया मंदावते. कार्बन आणखी वाढवण्यापेक्षा कमावलेले न गमावण्याचा हा उपाय निवडण्यात जी समज आहे, तिचे मला आजही कौतुक वाटते. त्याहून वरच्या ताकदीसाठी पुढे कार्बन ०.९ टक्क्याच्या पलीकडे नेणे आणि पापुद्रे बारीक करणारा क्रोमियम थोडा घालणे, अशी वाटचाल झाली.

सिलिकॉन फुकट मिळत नाही, हे पुस्तकांत एका ओळीत असते, कारखान्यात मात्र महिने खाते. सिलिकॉन जास्त असलेल्या रॉडवर तापवताना येणारी खपली फार चिवट असते. ती वाकवून झडत नाही आणि आम्लातही लवकर सुटत नाही. खपलीचा ठिपका राहिला की डायमध्ये ओरखडा पडतो, आणि जस्त चढवताना त्या ठिकाणी थर धरत नाही. अशा पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन तापवताना जास्त जळतो, म्हणजे वरची कातडी मऊ पडते. शिवाय सिलिकॉन जस्त आणि लोह यांची परस्परक्रिया भडकवतो, त्यामुळे ठिसूळ मिश्रधातूचा थर जाड होतो आणि तार गुंडाळताना तो टवके होऊन उडू शकतो. म्हणून बाथमधला वेळ सेकंदांत मोजून पाळावा लागतो.

आणखी एक हिशेब नवशिके विसरतात. पुलाच्या तारेवर प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम जस्त मागतात, म्हणजे सुमारे ४२ मायक्रॉन जाडी. ताणशक्ती काढताना मात्र क्षेत्रफळ जस्तासकट व्यासाचे धरले जाते. ५.२३ मिलिमीटरच्या तारेत जस्ताचा वाटा क्षेत्रफळाच्या तीन टक्क्यांहून थोडा अधिक येतो, आणि जस्त फारसे काही उचलत नाही. म्हणजे कागदावर १८०० दाखवायचे तर आतल्या पोलादाला प्रत्यक्षात १८५० च्या पुढे जावे लागते. ‘मग जस्त आधी चढवून नंतर तार ओढू’ ही कल्पना तुम्हाला सुचेलच; बारीक दोरखंडाच्या तारेत तसे करतातही. पण ओढताना जस्ताचा थरही तारेबरोबर पातळ होतो, आणि जाड तारेवर ३०० ग्रॅम शिल्लक ठेवणे जमत नाही.

आता पिळाविषयी. माझ्या मते तारेचे खरे प्रगतिपुस्तक तेच आहे, ताणशक्तीचा आकडा नव्हे. टॉर्शनच्या यंत्रात व्यासाच्या शंभरपट लांबीचा तुकडा दोन जबड्यांत धरतात आणि एक जबडा फिरवतात. आम्ही तुकड्यावर आधी खडूची सरळ रेघ ओढत असू. चांगल्या तारेवर ती रेघ शेवटपर्यंत सारख्या अंतराने गुंडाळत जाते आणि तार पंधरा-वीस फेऱ्यांनंतर अक्षाला काटकोनात, कापल्यासारखी सपाट तुटते. वाईट तारेत तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यालाच ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, पिळाचा जोर एकदम उतरतो आणि तारेच्या लांबीवर मळसूत्रासारखी चीर उघडते. यालाच डिलॅमिनेशन म्हणतात. गंमत अशी की, याच तारेचा दुसरा तुकडा ताणून पाहिला तर उत्तम मार्क मिळवतो.

एकदा मे महिन्यात आमच्याकडे नेमके हेच झाले. दुसऱ्या पाळीतल्या कॉइल ताणशक्तीत उत्तीर्ण आणि पिळात नापास येऊ लागल्या. तीन दिवस आम्ही रॉडचे रासायनिक अहवाल तपासले, झिंक बाथचे तापमान तपासले आणि रॉड पुरवणाऱ्याला एक कडक पत्र पाठवण्याच्या बेतात होतो. जस्त चढवण्यापूर्वीचे तुकडे पिळून पाहिले तेव्हा त्यांतही तीच चीर निघाली, म्हणजे बाथ निर्दोष ठरला. शेवटी एका जुन्या ऑपरेटरने पाचव्या डायची पेटी उघडून ओढताना वंगण म्हणून वापरतात ती मूठभर साबणाची पावडर माझ्या हातावर ठेवली. एरवी पिठूळ असणारी पावडर काळपट आणि गुठळ्यांची झाली होती. “साहेब, साबण करपतोय,” एवढेच तो म्हणाला. पाचव्या ब्लॉकच्या (डायमधून तार खेचून घेणाऱ्या ड्रमच्या) आतल्या पाण्याच्या वाटा बोअरवेलच्या क्षारांनी जवळजवळ बुजल्या होत्या. तार तिथे थंड न होता तशीच पुढच्या डायमध्ये जात होती. ओढताना तार १८०-२०० अंशांच्या वर गेली की सिमेंटाईटमधला काही कार्बन सुटून फेराईटमध्ये उतरतो, विस्थापनांना (ज्यांच्या सरकण्यामुळे धातू न तुटता आकार बदलतो त्या स्फटिकांतल्या दोषांना) जखडून टाकतो, आणि पुढच्या डायमध्ये तार एकसारखी ओढली जात नाही. ताकद वाढलेली दिसते आणि लवचिकता मात्र गेलेली असते. रॉडवाल्याला लिहिलेले पत्र मी फाडून टाकले आणि ब्लॉक आम्लाने धुऊन घेतला.

तारेची ताकद वाढवत नेली की अशा चुकांना मिळणारी सूट आक्रसत जाते. १६०० च्या तारेत जो ब्लॉक कोमट असला तरी चालून जाई, तो १९०० च्या तारेत चालत नाही. म्हणून दर डायमागे घट कमी ठेवणे, वेग उतरवणे, डाय आणि ब्लॉक दोन्हींना भरपूर थंड पाणी देणे, असे कंटाळवाणे उपायच शेवटी उपयोगी पडतात.

ताणशक्तीच्या आकड्यावर भिस्त ठेवल्यास काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण १९२९ चे आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधील माउंट होप आणि डेट्रॉइटमधील अँबेसेडर या दोन झुलत्या पुलांसाठी थंड ओढलेल्या तारेऐवजी उष्णतेने कडक केलेली तार निवडली गेली. कागदावर ती सरस होती. पूल उभे राहत असतानाच टोकाला, जिथे केबलच्या लड्या त्यांना अडकवून ठेवणाऱ्या लोखंडी ‘शू’भोवती वळतात तिथे, तारा तुटू लागल्या. दोन्ही पुलांच्या केबल उतरवून थंड ओढलेल्या तारेने नव्याने विणाव्या लागल्या. तेव्हापासून पुलाच्या तारेसाठी ओढलेला परलाईटच वापरला जातो, त्यामागे हा इतिहास आहे. त्याहीआधी, १८८३ मध्ये खुल्या झालेल्या ब्रुकलिन पुलाच्या वेळी तपासून पास केलेल्या तारेच्या जागी नापास तार पाठवण्याची लबाडी पुरवठादाराने केली होती, आणि पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांना प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा जादा घालून ती भरून काढावी लागली. त्या काळी तारेची ताकद सुमारे ११०० मेगापास्कल होती आणि सुरक्षा गुणक मोठा धरला होता, म्हणून ते निभावले.

ताकद वाढल्यावर दुसरी धास्ती हायड्रोजनची. आम्लात धुताना तो तारेत शिरतो, आणि पुढे पुलावर जस्त व पोलाद गंजतानाही तयार होतो. पोलाद जितके बळकट, तितके ते हायड्रोजनने ठिसूळ होण्यास प्रवण. त्यामुळे तार आम्लात जरुरीपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, एवढे तरी कारखान्याच्या हातात असते. बाकी सगळे पाण्यावर अवलंबून असते. जस्ताचा ४२ मायक्रॉनचा थर मध्यम प्रदूषणाच्या कोरड्यासर हवेत वर्षाला एक-दोन मायक्रॉन झिजतो, म्हणजे काही दशके टिकतो. खाऱ्या किंवा अति दमट हवेत तोच पाच-दहा वर्षांत संपू शकतो. केबलच्या आत पावसाचे पाणी साठून राहिले तर बाहेरच्या हवेचा हिशेब लागूच होत नाही. लोणावळ्याच्या पावसात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही केबलसाठी हे लक्षात ठेवावे लागेल. आकाशीच्या मुख्य केबलमध्ये सतत कोरडी हवा फुंकत ठेवण्याची व्यवस्था याचसाठी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या समांतर तारांच्या केबलना प्लास्टिकचे आवरण आहे, तेही याचसाठी. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मोरबीचा झुलता पूल कोसळला, तेव्हा विशेष तपास पथकाला एका केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या आढळल्या होत्या. तिथे तारेचा दर्जा कितीही वरचा असता, तरी गंजलेली तार वजन उचलण्याच्या कामाची नव्हती.

जस्तात सुमारे पाच टक्के ॲल्युमिनियम मिसळलेला थर त्याच जाडीत बराच जास्त टिकतो आणि अलीकडच्या पुलांत तो रूढ होत आहे. त्याचीही किंमत आहे. नेहमीचा फ्लक्स (जस्त नीट धरावे म्हणून तारेला आधी लावतात ते क्षाराचे द्रावण) ॲल्युमिनियमबरोबर चालत नाही, म्हणून बहुधा आधी शुद्ध जस्तात आणि मग मिश्र बाथमध्ये अशा दोन बुडी द्याव्या लागतात. म्हणजे तार दोनदा तापते, आणि ताकद टिकवण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

सध्याची मजल कुठवर आहे, तेही सांगतो. तुर्कस्तानच्या २०२२ मधल्या चानाक्काले पुलाचा गाळा २०२३ मीटरचा आहे आणि त्याच्या केबलमध्ये १९६० मेगापास्कलची तार आहे. चीनच्या शेन्झेन-झोंगशान मार्गावरील १६६६ मीटर गाळ्याच्या पुलात २०२४ मध्ये २०६० ची तार वापरली गेली. आकाशीपासून पाव शतकात सुमारे अडीचशे मेगापास्कल, हा वेग तुम्हाला मंद वाटेल. जाड तार, शेवटचा चटका, पीळ आणि हायड्रोजन ही चार ओझी बरोबर घेऊन चालताना मला तो मंद वाटत नाही.

प्रकल्पासाठी नवी तार ‘विकसित’ करण्याचा संकल्प सोडा. त्यासाठी रोलिंग मिल लागते. त्याऐवजी बाजारात सहज मिळणारी, जस्त न चढवलेली, ०.८२ टक्के कार्बनची चार-पाच मिलिमीटरची ओढलेली तार एकाच कॉइलमधून साठ-सत्तर तुकडे होतील एवढी घ्या. शक्य असल्यास दुसरी कॉइल जास्त सिलिकॉनची मिळवा. स्प्रिंगची तार घेऊ नका, तिची प्रक्रिया वेगळी असते. भोसरीतल्या एखाद्या गॅल्व्हनायझिंग कारखान्याला विनंती करून हे तुकडे ४५० अंशांवर १५, ३०, ६० आणि १२० सेकंद बुडवून घ्या आणि प्रत्येक वेळेचे किमान पाच तुकडे ताणून व पाच पिळून पाहा. ताणशक्ती काढताना जस्त आम्लात उतरवून पोलादाचा खरा व्यास मोजा, नाहीतर वर सांगितलेली तीन टक्क्यांची चूक तुमच्या आलेखात शिरेल. पिळताना फेऱ्यांची संख्या, जोर उतरला तो फेरा आणि तुटलेल्या टोकाचा आकार असे तीन रकाने ठेवा; नुसती फेऱ्यांची सरासरी काढलीत तर चीर गेलेली तार आणि सपाट तुटलेली तार एकाच आकड्यात मिसळतील. बाथमध्ये बुडवण्यापूर्वी तुकडे पूर्ण कोरडे आहेत ना, हे स्वतः हाताने तपासा, कारण ओल्या तुकड्याने जस्त उसळते आणि ते थेट तोंडावर येते. कारखान्याच्या माणसाने मागे सरकायला सांगितले तर कारण न विचारता सरका.